मेल आलाच नाही, आणि २१२ नग भंगारात गेले

पोस्ट मोठी आहे. पण तुमचं वर्कशॉप असेल, फाउंड्री असेल, ट्रान्सपोर्टचं ऑफिस असेल आणि व्हिजिटिंग कार्डावर स्वतःच्या नावाचा ई-मेल छापला असेल, तर चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. कारण पुढच्या वेळी हे तुमच्याकडे होऊ शकतं.

मी गेली बरीच वर्षं कोल्हापूरच्या एमआयडीसींमध्ये, म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात, छोट्या कारखान्यांचं कॉम्प्युटर आणि नेटवर्कचं काम बघतो. मोठ्या कंपन्यांकडे त्यांची आयटीची माणसं असतात. माझी गिऱ्हाइकं वेगळी. दहा-वीस मशीन, एक ऑफिस, एक टॅलीवाली मुलगी आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक सर्व्हर.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी अशाच एका मशीनशॉपच्या मालकांचा फोन आला. नाव सांगत नाही. मी त्यांना दादा म्हणतो.

"काय ओ सर, कुठं आहात? जरा येऊन जावा. मेलचा काहीतरी घोळ झालाय."

गेलो. केबिनमध्ये दादा गप्प बसलेले. टेबलावर एक मशीनिंग झालेलं कास्टिंग, आणि शेजारी ड्रॉइंगची दोन कागदं. एकावर रिव्हिजन बी, दुसऱ्यावर रिव्हिजन सी. फरक एवढाच, की एका बोअरची जागा काही मिलिमीटर सरकलेली. पुण्याकडच्या गिऱ्हाइकाने नवीन ड्रॉइंग मंगळवारी मेल केलं होतं. इथं ते आलंच नाही. मंगळवार रात्रपाळीपासून शुक्रवार सकाळपर्यंत जुन्या ड्रॉइंगवर २१२ नग निघाले. सगळे रिजेक्ट. बोअर एकदा मारलं की ते परत भरून निघत नाही. कास्टिंग पुन्हा भट्टीत.

गिऱ्हाईक म्हणालं, "आम्ही मेल पाठवलाय, आमच्याकडे रेकॉर्ड आहे." विषय संपला.

दादांचा प्रश्न साधा होता. "नेट चालू आहे. यूट्यूब चालतंय. स्टोअरमधनं अकाउंटला मेल जातोय. मग हा एकच मेल का आला नाही?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला एक तास लागला. दुरुस्त करायला सतरा दिवस. ही पोस्ट त्या सतरा दिवसांबद्दल आहे.

आधी काय झालं ते सांगतो. आदल्या शनिवारी दादांनी इंटरनेटची कंपनी बदलली. जुनी लाइन वारंवार तुटायची, नवीन फायबर स्वस्त आणि वेगवान. बदलण्यात काही चूक नव्हती. नव्या कंपनीचा मुलगा आला, राउटर लावला, मोबाईलवर स्पीड दाखवला, सही घेतली आणि गेला. "स्टॅटिक आयपी दिलाय सर, बिझनेस प्लॅन आहे," असंही सांगून गेला.

नव्या राउटरने ऑफिसातल्या कॉम्प्युटरना १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते वाटले. सर्व्हर मात्र जुन्याच १९२.१६८.१.१० या पत्त्यावर बसलेला. सोमवारी सकाळी प्रिंटर बंद, मेल बंद. ऑफिसातल्या एका हुशार मुलाने राउटरमध्ये जाऊन पत्त्यांची मालिका पुन्हा पहिल्यासारखी केली. स्टोअरमधून अकाउंटला मेल गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "झालं चालू!"

इथंच फसगत झाली. स्टोअरमधून अकाउंटला जाणारा मेल ऑफिसच्या भिंतीबाहेर पडतच नाही. सर्व्हर तो एका खिशातून काढतो आणि दुसऱ्या खिशात घालतो. मेल चालू आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

बाहेरून काय दिसत होतं? मी माझ्या मोबाईलच्या नेटवरून बघितलं. जगातला कुठलाही सर्व्हर दादांना मेल पाठवताना आधी डीएनएसला विचारतो, "या डोमेनचा मेल कोण घेतं?" त्याला एमएक्स नोंद म्हणतात. उत्तर बरोबर आलं, मेल सर्व्हरचं नाव मिळालं. मग विचारलं, "हे नाव कुठल्या आयपीवर आहे?" उत्तर आलं जुन्या लाइनचा आयपी. म्हणजे पोस्टमन रोज जुन्या घराची कडी वाजवत होता. तिथं कुणी राहत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग मेल परत का गेला नाही? ई-मेलची ही पद्धत फार जुनी आहे, १९८२ मधली. दार उघडलं नाही तर पाठवणारा सर्व्हर लगेच हार मानत नाही. मेल रांगेत ठेवतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. नियमात सुचवलेली मुदत किमान चार-पाच दिवसांची आहे. मधे कधीतरी "अजून पोचला नाही" अशी सूचना पाठवणाऱ्याला जाते. इथं ड्रॉइंग पाठवणारा माणूस नव्हता, कंपनीची स्वयंचलित सिस्टीम होती. तिच्या पत्त्यावर आलेली सूचना वाचणारं कुणी नव्हतं. मंगळवारचा मेल शुक्रवारी दुपारीही त्यांच्याच रांगेत उभा होता.

कायद्याने बघायला गेलं, तर २००० च्या आयटी कायद्याचं कलम १३ मेल "मिळाला" कधी मानायचा ते सांगतं. ठरवून दिलेल्या यंत्रणेत तो शिरतो तेव्हा. इथं तो शिरलाच नव्हता. पण कलम दाखवून गिऱ्हाईक टिकत नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. नुकसान दादांनी सोसलं.

ठीक आहे, चूक सापडली. डीएनएसमध्ये एक आकडा बदलायचा. पाच मिनिटांचं काम.

"दादा, डोमेनचा लॉगिन द्या."

"कसला लॉगिन?"

डोमेन नऊ वर्षांपूर्वी वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने घेतलं होतं. त्याच्या मेलवर, त्याच्या मोबाईलवर, त्याच्या खात्यात. तो मुलगा आता इथं नाही, बेंगळुरूला नोकरी करतो. जुना नंबर बंद. त्याच्या मामांचं दुकान शोधून, तिथून नंबर मिळवून, शनिवारी रात्री तो फोनवर सापडला. माणूस सज्जन. म्हणाला, "दादांचंच आहे ते, आत्ता देतो." आणि पुढं म्हणाला, "बरं झालं फोन केलात, दोन महिन्यांनी ते एक्स्पायर होणार होतं. त्याची आठवण माझ्या जुन्या मेलवर जाते, तो मी बघत नाही."

मी खुर्चीत बसूनच राहिलो. नऊ वर्षं ज्या नावावर धंदा केला, जे नाव लेटरहेडवर, टेम्पोवर, पावतीवर, ते नाव कायद्याने आणि कागदाने दादांचं नव्हतंच. तो मुलगा वाईट निघाला असता तर? किंवा सापडलाच नसता तर?

शेताचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कुणी नांगर धरतो का? मग डोमेनचं काय? मी नंतर माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांना फोन करून एकच प्रश्न विचारला. उत्तरं ऐकून झोप उडाली. कुणाचं डोमेन डिझायनरच्या नावावर, कुणाचं सोडून गेलेल्या मॅनेजरच्या, एकाचं तर पुतण्याच्या कॉलेजच्या मेलवर.

रविवारी नोंद बदलली. त्याच वेळी एसपीएफही बदलला. एसपीएफ म्हणजे डीएनएसमध्ये लिहून ठेवलेली यादी, की आमच्या नावाचा मेल फक्त या या आयपीवरूनच निघेल. त्यातही जुनाच आयपी होता. राउटरमध्ये बाहेरून येणारा पोर्ट २५ सर्व्हरकडे वळवला. वाटलं, संपलं.

कसलं संपतंय. बाहेरून येणारं कनेक्शन सर्व्हरपर्यंत पोचेना, आणि आतून जाणारे मेल रांगेत अडकलेले. नव्या कंपनीने पोर्ट २५ दोन्ही बाजूंनी बंद ठेवला होता.

इथं कंपनीची बाजूही सांगतो. पोर्ट २५ बंद ठेवण्यामागे कारण आहे. व्हायरस लागलेला घरगुती कॉम्प्युटर याच पोर्टवरून हजारो स्पॅम मेल सोडू शकतो. घरगुती लाइनवर तो बंदच असावा, मी स्वतः तसंच सांगेन. साध्या वापरणाऱ्याला तो लागत नाही, त्याचा मेल ५८७ किंवा ४६५ वरून त्याच्या सर्व्हरकडे जातो. २५ लागतो तो एका सर्व्हरला दुसऱ्या सर्व्हरशी बोलायला. पण स्टॅटिक आयपीचे जादा पैसे घेऊन "बिझनेस प्लॅन" विकताना "तुमच्याकडे मेल सर्व्हर आहे का?" एवढं विचारायला काय हरकत होती?

कस्टमर केअरला फोन लावला. "सर, आमच्याकडून सगळं ओके दाखवतंय." पुन्हा लावला. तिसऱ्या माणसाने सांगितलं, "पोर्ट उघडायचा असेल तर रजिस्टर्ड ई-मेलवरून विनंती पाठवा."

रजिस्टर्ड ई-मेल कुठला? जो बंद होता तोच.

हसू नका. त्यावर चार दिवस गेले. शेवटी लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून, मी स्वतः त्यांच्या ऑफिसात कागद नेऊन दिला. ई-मेल चालू करायला कागद न्यावा लागला, हे आपल्या डिजिटल युगाचं चित्र आहे.

पोर्ट उघडला. बाहेरून मेल यायला लागले. जाणाऱ्यांपैकी काही पोचले, पण जीमेलवर जाणारा प्रत्येक मेल परत. नापसंतीचा आकडा ५५०, पुढं ५.७.२५. हे आकडे वाचायला शिका, ते खोटं बोलत नाहीत. उत्तराची सुरुवात ४ ने असेल तर "आत्ता नको, नंतर ये." ५ ने असेल तर "येऊच नको, आधी दुरुस्त कर." आणि ५.७.२५ म्हणजे उलटी नोंद नाही.

उलटी नोंद म्हणजे काय? डीएनएसमध्ये नावावरून आयपी मिळतो, तसा आयपीवरून नावही विचारता येतं. त्याला पीटीआर म्हणतात. समोरचा सर्व्हर विचारतो, "तू म्हणतोस मी अमुक कारखान्याचा मेल सर्व्हर. तुझ्या आयपीचा मालक काय म्हणतो?" मालक काहीच म्हणत नसेल तर संशय. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलवर मेल पाठवणाऱ्या सगळ्यांसाठी हे स्पष्ट लिहूनच टाकलंय: एसपीएफ किंवा डीकेआयएम हवं, सुलट आणि उलटी दोन्ही नोंदी जुळायला हव्यात, कनेक्शन टीएलएसने सुरक्षित हवं. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना अजून कडक नियम. नियम योग्य आहेत. स्पॅमने सगळ्यांनाच जेरीस आणलंय.

पण गंमत बघा. सुलट नोंद दादांच्या हातात आहे, कारण डोमेन (आता) त्यांचं आहे. उलटी नोंद त्यांच्या हातात नाही. ती आयपी ज्या कंपनीचा, तिच्याच हातात. दादांनी जगातले सगळे कोर्स केले तरी ती एक ओळ ते स्वतः लिहू शकत नाहीत. आणि ज्यांच्या हातात ती ओळ होती, त्यांच्या कस्टमर केअरला पीटीआर हा शब्दच माहीत नव्हता. एकाने मला विचारलं, "सर, हे अॅप आहे का?"

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं तेवढंच तो बोलणार. राग आहे तो ज्यांनी हा प्लॅन बनवून विकला त्यांच्यावर.

ती एक ओळ लिहून मिळायला आणखी आठवडा गेला. तोवर दादांचे बाहेर जाणारे मेल मी पैसे भरून एका मध्यस्थ सेवेमार्फत, ५८७ वरून लॉगिन करून पाठवत होतो. शेवटी नोंद झाली. सतराव्या दिवशी जीमेलवर मेल पोचला. अकाउंटवाल्या ताईंनी टाळ्या वाजवल्या.

त्या सतरा दिवसांत काय झालं तेही लिहितो. पुण्याच्या गिऱ्हाइकाने पुढचा लॉट अर्धा केला. रात्रपाळी थांबली. त्या पाळीला कंत्राटावर असलेले दोघे ऑपरेटर घरी बसले. त्यांतला एक हातकणंगल्याकडचा, घरात दोन लहान पोरं. त्याला पीटीआर, एसपीएफ यातलं काही माहीत नाही, असायची गरजही नाही. पण त्याची पाळी गेली ती या एका ओळीपायी. म्हणून मला हा विषय आयटीचा वाटत नाही. हा आपल्या सगळ्यांचा विषय आहे.

कमेंटमध्ये लोक काय लिहिणार ते मला माहीत आहे. "आजच्या काळात स्वतःचा सर्व्हर ठेवतंच कोण? क्लाउडवर जा ना!"

मान्य. मी स्वतः दहा-बारा मेलबॉक्सवाल्यांना तेच सांगतो. ज्याला सांभाळायला माणूस नाही, त्याने सर्व्हर ठेवू नये. पण दोन गोष्टी. एक, क्लाउडवर गेलात तरी डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर आजार तोच. ज्याच्या हातात डीएनएस, तो एका मिनिटात तुमचा सगळा मेल कुठंही वळवू शकतो. दुसरी, सर्व्हर ठेवायचा की नाही हे दादांनी ठरवायचं. जागा आहे, वीज आहे, मशीन आहे, जड ड्रॉइंग फायली ऑफिसातच राहतात, दर डोक्यामागे दर महिन्याला भाडं नाही. हा हिशेब चुकीचा नाही. ई-मेल ही अशी मोजकी व्यवस्था उरलीय, जिथं शिरोलीचा कारखाना आणि जगातली सगळ्यांत मोठी कंपनी एकाच नियमाने एकमेकांच्या दारात उभे राहतात. फक्त आपल्याला पैसे घेऊन अर्धवट जोडणी विकतात, म्हणून आपण ती सोडून द्यायची?

आणि मेल आता गप्पा मारायचं साधन राहिलेलं नाही. जीएसटी कायद्याचं कलम १६९ बघा. नोंदणीत दिलेल्या ई-मेलवर नोटीस पाठवली तर ती बजावण्याची एक वैध पद्धत आहे. उद्यमपासून बँकेपर्यंत सगळीकडे हाच पत्ता. सरकार आपल्याला मेलवर गाठणार असेल, तर मेल पोचण्याची मूलभूत सोय कुणीतरी आपल्या पदरात घातली पाहिजे की नको?

म्हणून माझ्या तीन मागण्या. कुणाला फार वाटतील असं मला वाटत नाही.

इंटरनेट कंपन्यांकडे: स्टॅटिक आयपी विकताना अर्जावर तीन ओळी छापा. आयपी कोणता, पोर्ट २५ उघडा की बंद, आणि उलटी नोंद कोणत्या नावाने हवी. आणि ते किती दिवसांत होईल ते लिहून द्या. यासाठी नवी मशीन लागत नाही, एक टेबल आणि एक जाणकार माणूस लागतो.

आपल्या उद्योजक संघटनांकडे: हॉटेलात डिजिटल क्रांतीवर भाषणं पुष्कळ झाली. आता सगळ्या सभासदांच्या वतीने कंपन्यांशी एकदाच बोला. एकटे दादा फोन करतात तेव्हा त्यांना होल्डवर ठेवतात. दोनशे कारखाने एका लेटरहेडवर बोलले तर कुणी होल्डवर ठेवणार नाही. वसाहतीसाठी एक सामायिक जाणकार ठेवता आला तर फारच उत्तम.

माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांकडे: गिऱ्हाइकाचं डोमेन आपल्या नावावर घेऊ नका. सोयीचं असतं, मलाही माहीत आहे. सुरुवातीच्या काळात मीही दोघांचं तसं केलं होतं. दोन्ही परत केली. आणि पासवर्ड, आयपी, पोर्ट, तारखा, सगळं एका कागदावर लिहून मालकाच्या कपाटात ठेवा. "मला विचारल्याशिवाय कुणाला काही करता येणार नाही" यात कसला मोठेपणा?

आणि मालक लोकांनो, आज संध्याकाळी एवढंच करा:

१. डोमेन कुणाच्या नावावर, कुठल्या मेलवर आणि मोबाईलवर नोंदलंय ते विचारा. ते तुमच्या नावावर हवं. मात्र नोंदणीचा मेल त्याच डोमेनचा नको, नाहीतर मेल बंद पडला की कुलूप आत आणि किल्लीही आत.

२. मुदत कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहा.

३. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी बघा. तो १०. ने, १९२.१६८ ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यांतल्या कशाने सुरू होत असेल, तर तो खरा स्वतःचा सार्वजनिक आयपी नाही. त्यावर मेल सर्व्हर उभा राहत नाही.

४. घरच्या जीमेलवरून ऑफिसच्या पत्त्यावर मेल टाका, ऑफिसमधून त्याला उत्तर द्या. दोन्ही पोचले तरच मेल चालू. शेजारच्या टेबलावर पोचला त्याला चालू म्हणत नाहीत.

५. इंटरनेट बदलणार असाल तर जुनी लाइन महिनाभर चालू ठेवा. नव्या लाइनवर पोर्ट आणि उलटी नोंद झाल्याशिवाय ती तोडू नका. त्या महिन्याचं भाडं २१२ कास्टिंगपेक्षा नक्की कमी असतं.

काल दादांच्या शॉपमध्ये गेलो होतो. रिजेक्ट झालेल्यांतला एक नग त्यांनी भट्टीला पाठवलेला नाही. केबिनमध्ये टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय. त्याच्याखाली डोमेनचे कागद.

रात्रपाळी अजून सुरू झालेली नाही. दादा म्हणाले, "पुढच्या लॉटला बघू."

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर खाली लिहा, कंपनीचं नाव न घेता लिहिलंत तरी चालेल. संघटनेकडे जाताना आपल्याला पाच-पंचवीस अनुभव हातात हवेत. आणि तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते आजच बघा.